‘हौशी सहल’ : एका वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

इंदूरजवळच्या राऊच्या पुढे, महू रस्त्यालगतच्या एका गावात भरणाऱ्या शनिवारच्या हाटावर, म्हणजे आठवडी बाजारावर, मी गेल्या महिन्यात लिहिले, त्यावर आपली प्रतिक्रिया आली. ती वाचून मी दोन दिवस काहीच लिहिले नाही, कारण रागाच्या भरात दिलेले उत्तर मला शोभले नसते. आज सवडीने लिहिते आहे.

इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून आपले म्हणणे आधी थोडक्यात मांडते. तराजू-वजनांवरच्या सरकारी शिक्क्याची मुदत मी चुकीची लिहिली, हे आपण दाखवून दिले. हाटात भाजी विकायला बसणाऱ्या बायकांसाठी ना स्वच्छतागृह आहे ना सावली, याचा लेखात उल्लेख नाही, अशी आपली तक्रार आहे. ‘सेंद्रिय’ हा शब्द मी पुराव्यावाचून वापरला, असेही आपण म्हटले, हाट वीस किलोमीटरवर धरून पेट्रोलचा हिशेब मांडला आणि गावाचे नाव का लपवले, असे विचारले. या सगळ्याच्या मधोमध एक वाक्य आहे, ते जसेच्या तसे देते : ‘मोटार काढून हाटाला जाणे ही राजेंद्रनगरच्या पेन्शनर मंडळींची हौशी सहल आहे, आणि लेखिका ज्यांना भाबडेपणाने शेतकरी समजतात ते पहाटे चोइथराम मंडीतून माल उचलून आणणारे धंदेवाले आहेत.’ (चोइथराम मंडी म्हणजे इंदूरचा भाजीचा घाऊक बाजार.)

शिक्क्याबद्दलचे आपले म्हणणे बरोबर आहे. वजन-मापांच्या २०११ च्या नियमांप्रमाणे लोखंडी वजने आणि दांडीचा तराजू यांची फेरतपासणी दोन वर्षांतून एकदा करून घ्यावी लागते आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी. मी सरसकट ‘दरवर्षी’ असे लिहून गेले होते. लेखात दुरुस्ती केली आहे. कोणी चूक दाखवली तर ती मान्य करावी, हे मी घरातच शिकले, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

पण ‘हौशी सहल’ हे दोन शब्द मला मान्य नाहीत, आणि ते ज्या सुरात लिहिले गेले तो सूर तर मुळीच नाही. मतभेद कळवायला आपल्या मराठीत सभ्य शब्दांची वाण नाही. जिला आपण कधी भेटला नाहीत, जिच्या घरची परिस्थिती आपल्याला ठाऊक नाही, ती शनिवारी सकाळी घराबाहेर का पडते हे आपण एका फटक्यात ठरवून टाकलेत. निदान विचारायचे तरी होते.

विचारले असते तर मी सांगितले असते, की माझे वडील इंदूरच्या एका कापडगिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. गिरणीला कुलूप लागले तेव्हा मी आठवीत होते. पगार थांबला, हक्काची रक्कम अडकून पडली, आणि आमची आई भाजीसाठी हाटाला जाऊ लागली ती सकाळी नव्हे, तर दिवेलागणीला, बाजार उठायच्या वेळी. त्या वेळी उरलेला माल परत न्यायला कोणालाच नको असतो, म्हणून विक्रेते वजन करणे सोडून वाटे लावतात. पाच-सहा वांग्यांचा एक वाटा, त्यात एखादे किडके ठरलेले. मी पिशवी घेऊन आईच्या मागे उभी असे. आई वाटा उचलण्याआधी खाली बसून वांग्याचे देठ पाही. देठाजवळ टाचणीच्या टोकाएवढे भोक दिसले तर ते वांगे बाजूला काढून ‘हे बदलून दे’ म्हणे, आणि समोरची बाई कुरकुरत का होईना, बदलून देई. तीन वर्षे आमच्या घरात असा बाजार आला. ती सहल होती, असे आपल्याला म्हणायचे आहे काय?

पुढे मी शिक्षिका झाले, एकतीस वर्षे नोकरी केली आणि आता मला निवृत्तिवेतन मिळते. घरी मोटार आहे, ती हप्ते भरून घेतलेली आहे. पेन्शनर असणे हा दोष आहे, असे मला कोणी आजवर सांगितले नव्हते. आणि राजेंद्रनगरचे नाव आपण ज्या तऱ्हेने घेतलेत, त्यावरून तिथली मराठी माणसे केवळ चिवडा आणि नाट्यगीते यांवर जगतात असा आपला समज दिसतो. आमच्या वस्तीतली कित्येक घरे आजही महिन्याचा हिशेब वहीत मांडतात. हे आपल्याला माहीत नसेल तर निदान गप्प राहता आले असते.

सहल कशाला म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. होळीच्या आदल्या आठवड्यात झाबुआ आणि अलीराजपूरकडचे हाट भगोरियाचे, म्हणजे आदिवासींच्या जत्रेचे, होतात, ढोल-मांदळ वाजतात आणि शहरांतून मोटारी भरभरून लोक कॅमेरे घेऊन जातात. त्यांतले बहुतेक जण पुढच्या वर्षी त्याच सुमाराला पुन्हा दिसतात, मधल्या काळात नाही. मी या एका हाटाला गेली नऊ वर्षे जाते आहे. श्रावणात काळ्या मातीचा चिखल चपलेला असा धरतो की चप्पल हातात घेऊन चालावे लागते, तेव्हाही जाते. मेच्या उन्हात आठ वाजताच डोके तापते, तेव्हाही जाते. बालम ककडी ही माळव्यातली मोठी काकडी पावसाळा संपता संपता येते, गराडू हा कंद थंडी पडल्यावर, ओल्या पातीच्या लसणाच्या जुड्या त्याच सुमाराला आणि वाळलेला नवा लसूण होळीच्या आसपास. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही.

आता दुसरा अर्धा भाग, ‘धंदेवाल्यां’चा. ज्याला आपण माझा भाबडेपणा म्हणता, त्याबद्दल लेखाच्या पाचव्या परिच्छेदात स्पष्ट लिहिले आहे, की हाटात दोन्ही प्रकारचे विक्रेते असतात. आपण तो परिच्छेद वाचला नसावा. ज्याच्यापुढे आले, लिंबू, फुलकोबी, सिमला मिरची आणि नाशिकची द्राक्षे एकाच ताडपत्रीवर मांडलेली असतात तो मंडीतून माल आणतो, हे ओळखायला फार हुशारी लागत नाही, कारण एका शेतात हे सगळे एकाच दिवशी निघत नाही. जिच्यापुढे गिलकीचा (घोसाळ्यांचा) एक ढीग, थोडा कढीपत्ता आणि टोपलीभर वालाच्या शेंगा असतात, गिलकीतली एक बोटाएवढी तर दुसरी हातभर असते, ती घरचे घेऊन आलेली असते, कारण मंडीत जायचे तर माल आकाराप्रमाणे निवडून न्यावा लागतो. बटाट्याचेही तसेच आहे. माळव्यात तो दिवाळीच्या सुमारास लावतात आणि माघ-फाल्गुनात काढतात. ताज्या काढलेल्या बटाट्यावरून अंगठा दाबून फिरवला की साल कागदासारखी सुटते. मंडीतून फिरून आलेल्या जुन्या बटाट्याची साल अशी सुटत नाही. मी प्रत्येक वेळी अंगठा फिरवून पाहते.

आणि मंडीचा माल विकणारा हाटात बसला, तर हाट खोटा ठरतो, हे आपण कशावरून म्हणता? हाट हा कधीच फक्त शेतकऱ्यांचा नव्हता. तिथे दोरखंड विकणारा बसतो, विळ्यांना धार लावणारा बसतो, मिठाची पोती घेऊन वाणी येतो, बांगड्यांची पेटी घेऊन कासारीण येते. हेच लोक सोमवारी एका गावी, मंगळवारी दुसऱ्या गावी असे आठवडाभर फिरतात आणि म्हणूनच शेजारशेजारच्या गावांचे हाट वेगवेगळ्या वारी भरतात. गावातल्या बाईला आले आणि नारळ कोण आणून देणार? तिने त्यासाठी इंदूर गाठावे काय? आपल्या वाक्यात ‘धंदेवाले’ हा शब्द शिवीसारखा आला आहे. पहाटे तीनला उठून मंडीच्या लिलावातून पोते उचलणारा, हमाली आणि गाडीभाडे भरून, दुपारपर्यंत उन्हात बसून किलोमागे चार-पाच रुपये मिळवणारा माणूस शिवीच्या लायकीचा आहे, असे मला वाटत नाही.

ज्याच्याकडे अर्धे पोते वांगी आहेत, त्याला मंडी परवडत नाही, हेही ध्यानात घ्यावे. २०१७ च्या उन्हाळ्यात कांद्याचे भाव एवढे कोसळले की राज्य सरकारला ८ रुपये किलोने खरेदी सुरू करावी लागली आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागल्या. त्या जूनमध्ये याच हाटात एक म्हातारे गृहस्थ दोन पोती कांदा घेऊन बसले होते. रांगेत तीन दिवस उभे राहण्यापेक्षा इथे धडी-धडीने गेला तरी बरे, असे ते म्हणाले. मी दोन धड्या घेतल्या, म्हणजे दहा किलो. आमच्या घरात दोनच माणसे आहेत. बाकीचा कांदा शेजारी वाटला. याला पाठराखण म्हणायचे की हौस, ते तुम्हीच ठरवा.

जिच्यामुळे मी तो लेख लिहिला, त्या गिलकीवालीबद्दल आपण एक अक्षर लिहिले नाही, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटले. तिच्याकडे दांडीचा जुना तराजू आहे. माल घालण्याआधी ती दोन्ही पारडी रिकामी उचलते, दांडी सरळ होईपर्यंत थांबते आणि म्हणते, ‘खाली ताखडी देखी लो, बेनजी,’ म्हणजे रिकामा तराजू बघून घ्या. एका पारड्याच्या साखळीला चिंधीत बांधलेला खडा आहे, पासंगाचा, म्हणजे दोन्ही पारडी समतोल करण्यासाठी. एकदा पावसात ती चिंधी भिजून जड झाली, तर तिने माझ्यासमोर ती सोडली, पिळली, पुन्हा बांधली आणि मग पाव किलो गिलकी तोलली. पाव किलो! त्या बाईचा तराजू मी डोळ्यांनी पाहिलेला आहे, आणि आपण मला शिक्क्याची मुदत सांगता. मुदत बरोबर सांगितलीत, हे मी वर मान्य केलेच आहे.

उरलेल्या गोष्टींवर फार लिहिण्याची गरज मला दिसत नाही. स्वच्छतागृह आणि सावली हा ग्रामपंचायतीचा विषय आहे. माझा लेख खरेदीवर होता. ‘सेंद्रिय’बद्दल एवढेच सांगते, की वर्षाला १२ लाखांपेक्षा कमी उलाढाल असलेला लहान उत्पादक स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकत असेल, तर २०१७ च्या नियमांनुसार त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. त्यामुळे टोपलीवर छाप नाही, म्हणून मी कोणाला खोटे ठरवणार नाही. पेट्रोलचा हिशेब आपण मांडला आहे, तो आपल्यापाशीच ठेवावा. आमच्या घरापासून तो हाट अकरा किलोमीटरवर आहे, आपण लिहिले तसा वीसवर नाही, आणि येताना मोटारीत शेजारच्या तीन घरांच्या पिशव्या असतात.

गावाच्या नावाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण ‘लपवले’ हा शब्दही मला लागला. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका हाटाबद्दल गावाच्या नावासकट लिहिले होते. पुढच्या दोन आठवड्यांत तिथे एवढ्या मोटारी आल्या की बैलगाडीला वाट उरली नाही, आणि वडाखालच्या सावलीत ज्या बायका टोपल्या घेऊन बसत, त्यांच्या जागी गाड्या लागल्या. त्या बायका रस्त्यापलीकडे उन्हात गेल्या. त्यातल्या एकीने मला विचारले, ‘बेनजी, ये लोग कब तक आएंगे?’ माझ्याजवळ उत्तर नव्हते. तेव्हापासून मी गावाचे नाव छापत नाही. आपण नीट शब्दांत विचारले असते तर पत्राने कळवले असते. अजूनही कळवीन, पण येताना दुचाकीवर या आणि ती वडापासून लांब लावा.