सीझर का झालं ते सोडा, घरी आल्यावर कोण आहे ते बोला

गेल्या आठवड्यात पुण्यात माझ्या मावसबहिणीची डिलिव्हरी झाली, सीझर करावं लागलं, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. फॅमिली ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज संपायच्या आतच चर्चा सुरू झाली ती अजून थांबलेली नाही. हल्ली नॉर्मल कोणाची होतच नाही, प्रायव्हेटवाले बिल वाढवायला कापतात, आमच्या वेळी चार चार बाळंतपणं घरातच झाली, मुली दिवसभर लॅपटॉपसमोर बसतात मग काय होणार. एका काकांनी तर लिहिलं की आजकालच्या मुलींना कळा सोसायच्याच नसतात. ती पण त्याच ग्रुपवर आहे, टाके ताजे आहेत आणि पडल्या पडल्या हे सगळं वाचतेय. मला फार राग आला म्हणून हे लिहितेय.

मी नेदरलँड्सला आइंडहोवनमध्ये राहते, माझं सीझर इथेच झालं. रात्रभर कळा दिल्या आणि सकाळी बाळाचे ठोके कमी व्हायला लागले म्हणून आत नेलं. त्यामुळे "बरं झालं, कळा तरी वाचल्या" हे वाक्य कोणी सहज बोलून जातं तेव्हा पोटात कसं तुटतं ते मला माहितीये.

ग्रुपवरच्या चर्चेत तथ्य नाही असं मी म्हणत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे २०१९-२१ चे आकडे आहेत, देशात २१.५ टक्के बाळंतपणं सीझरने झाली, सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४.३ आणि खासगीत ४७.४ टक्के. एवढी तफावत का, हे विचारायलाच पाहिजे. पण ते हॉस्पिटलला विचारा, सरकारला विचारा, डिलिव्हरीच्या आधी डॉक्टरसमोर बसून विचारा. घरी आलेल्या बाळंतिणीला विचारून काय मिळणार? आणि जागतिक आरोग्य संघटनेनेच २०१५ मध्ये स्पष्ट सांगितलं की एखादा ठरावीक टक्का गाठायच्या मागे लागू नका, जिला गरज आहे तिला सीझर मिळालं पाहिजे हे बघा.

हे मोठं ऑपरेशन आहे हो. पोट आणि गर्भाशय दोन्ही कापतात. कॉटवरून उठायचं तर आधी कुशीवर वळून हाताच्या जोरावर उठायचं, खोकला आला की उशी पोटाशी दाबून धरायची, बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही, पण रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून लवकर चालायला मात्र लागायचं. कुठल्याही दुसऱ्या ऑपरेशननंतर माणसाला आपण झोपू देतो, इथे त्याच बाईने दर दोन-तीन तासांनी उठून दूध पाजायचं असतं.

इथे काय होतं ते सांगते. डिलिव्हरीनंतर क्राम्झोर्ख म्हणून व्यवस्था आहे, ट्रेनिंग घेतलेली बाई तुमच्या घरी येते, साधारण आठ दिवसांत ४९ तास, कमीत कमी २४ आणि जास्तीत जास्त ८०. इन्शुरन्समध्ये बसतं, तासामागे थोडे पैसे आपण भरायचे. ती यायच्या आधी पलंगाच्या पायांखाली ठोकळे लावून तो उंच करून ठेवावा लागतो, कारण वाकून वाकून तिची पाठ जायला नको, आणि टाके असलेल्या बाईला उंच पलंगावरून उतरणं सोपंही जातं. माझ्याकडे आलेली बाई आल्या आल्या आधी माझा ताप बघायची, टाके बघायची, मग बाळाकडे वळायची. कुशीवर आडवं होऊन, बाळाला शेजारी घेऊन पाजायचं म्हणजे पोटावर भार येत नाही, हे तिने शिकवलं. बाळाला आंघोळ कशी घालायची ते नवऱ्याला शिकवलं, कपडे वाळत टाकले, आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी कारण नसताना रडायला लागले तर खुर्ची ओढून शेजारी बसली, काही बोलली नाही, आणि दारावर चिठ्ठी लावून आली की आई झोपली आहे, चारनंतर या.

नवऱ्याला इथे एक आठवडा पूर्ण पगारी रजा मिळते आणि जुलै २०२० पासून वर पाच आठवडे ७० टक्के पगारावर. आपल्याकडे २०१७ पासून आईला २६ आठवडे झाले ते फार चांगलं झालं, पण बापाला केंद्र सरकारी नोकरी असेल तर १५ दिवस, खासगीत कायदाच नाही, कंपनी देईल तेवढी.

पण इथलं सगळं छान असंही नाही. हॉस्पिटलमध्ये गेलेले दिवस त्या आठ दिवसांतून वजा होतात, म्हणजे सीझरवाल्या बाईला जास्त गरज आणि घरी मिळतात कमी दिवस. माणसं पण कमी पडतात, मागाल तेवढे तास मिळतीलच असं नाही. आणि ते दिवस संपले की ती बाई जाते, दार बंद होतं, अंधार लवकर पडतो आणि घरात तुम्ही दोघं आणि एक रडणारं बाळ. आईचा व्हिसा लांबला होता. तेव्हा मला इथल्या मराठी मैत्रिणींनी वाचवलं, हा शब्द मी विचार करून वापरतेय. आपसात वार वाटून घेऊन डबे आणले. एकजण तर आली की बाळ बघायलाही थांबायची नाही, सरळ किचनमध्ये, डिशवॉशर रिकामा करायची, मुगाची खिचडी लावायची, धुवायचे कपडे पिशवीत भरून घरी न्यायची आणि दुसऱ्या दिवशी घड्या घालून आणून द्यायची. तिचंही सीझरच झालेलं.

पुण्यात माणसं आहेत. आई आहे, मावशी आहे, मालिशवाली बाई येते, आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, ओवा-बाळंतशोपा सगळं मिळतं, इथे बसून मला त्याची किती आठवण यायची. पण त्याच घरात टाक्यांत पू होईल म्हणून भात बंद, डाळ बंद, असंही होतं. जखम भरायला प्रोटीन लागतं, डॉक्टर सगळं खा म्हणतात आणि ऐकायचं मात्र शेजारच्या आजींचं. बाळ बघायला येणाऱ्यांची रांग लागते, त्यांच्यासाठी चहा-पोहे, आणि बाळंतिणीने उठून बसायचं, पदर नीट करायचा, सीझर का झालं ते प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं. आणि नवरा पाहुण्यासारखा रविवारी येतो, कारण बाळंतपण माहेरी.

घरी येऊन बघणं ही काही फक्त डच लोकांची हुशारी नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळं तपासायला पाठवलं, अर्भकमृत्यू खूप कमी झाले, १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि २०११ पासून देशभर आशाताई तसं काम करतात, हॉस्पिटलमध्ये बाळंतपण झालं असेल तर ४२ दिवसांत सहा भेटी. ही आपल्या महाराष्ट्राची गोष्ट आहे. पण आशाताई खेड्यात, वस्तीत जातात, कोथरूड किंवा सिंहगड रोडच्या सोसायटीत बाळंतिणीचं दार कोणी वाजवत नाही, तिथे घरच्यांवरच सगळं आहे. लाखभर बिल घेणाऱ्या हॉस्पिटलांनी डिस्चार्जनंतर दोनदा नर्स घरी पाठवली तर काय बिघडेल? आपण तेवढं तरी मागून घेतलं पाहिजे.

तोपर्यंत आपल्या घरापुरतं. मावशी, तू एकटी सगळं करू नकोस, तुझे गुडघे आधीच दुखतात. जावईबापूंना रात्री राहू दे, लंगोट बदलायला त्यांना येतं, नसेल येत तर शिकतील. मामी जवळच राहते, तिने एक वेळचा डबा द्यावा आणि वरण-भात द्यावा. ज्यांना बाळ बघायचंय त्यांनी फोन करून या, अर्ध्या तासात निघा, येताना भाजी निवडून आणा. ती दोन आठवड्यांनंतरही सारखी रडत असेल, झोप लागत नसेल, बाळाकडे बघावंसंही वाटत नसेल तर बाळंतपणात असं होतंच म्हणून सोडू नका, डॉक्टरकडे न्या. ताप आला, टाके लाल झाले, पाय सुजून दुखायला लागला तर त्याच दिवशी न्या. आणि ते बारसं बाराव्या दिवशीच हवं म्हणून जे चाललंय ना, दीडशे लोक, हॉल, नऊवारी, ते कृपा करून सव्वा महिन्याच्या पुढे न्या, हॉलवाल्याशी मी इथून बोलते.