‘क्वाइट’ म्हणजे नक्की किती?

जून उजाडला की तिकडे महाराष्ट्रात शाळेच्या माध्यमाचा वाद पेटतो आणि त्यात एक वाक्य हमखास येतं: इंग्रजी नेमकी, मराठी मोघम. 2000 पासून मराठी शाळांतही पहिलीलाच इंग्रजी आलं, समज मात्र हलला नाही. असं म्हणणाऱ्यांना इथे लंडनच्या एखाद्या ऑफिसात ‘क्वाइट’ (quite) एवढा एकच शब्द आठवडाभर वापरायला द्यावा.

शाळेत अर्थ शिकवतात ‘अगदी’. खोटा नाही, मूळचा तोच. पण आधी पुढचं विशेषण बघावं लागतं. राइट, इम्पॉसिबल, फिनिश्ड अशा, कमी-जास्त न होणाऱ्या शब्दांपुढे तो ‘अगदी’च राहतो. गुड, टायर्ड, एक्स्पेन्सिव्ह यांच्यापुढे अर्ध्यावर उतरतो. ‘क्वाइट गुड’ म्हणजे ‘बरंय’. त्यातही बोलताना जोर ‘क्वाइट’वर पडला तर मार्क आणखी कापले, ‘गुड’वर पडला तर थोडे वाढवले. ईमेलमध्ये जोर दिसत नाही, आणि घोटाळा होतो तो तिथेच. अप्रेझलमध्ये ‘क्वाइट गुड’ वाचून आपला माणूस पेढे वाटायच्या तयारीत, मॅनेजर सुधारणेची वाट बघतोय. तेच अमेरिकनाने लिहिलं असेल तर खुशाल पेढे वाटावेत, तिकडे ते ‘खूपच छान’कडे झुकतं. ‘नॉट क्वाइट’ म्हणजे सभ्य भाषेत ‘चुकलं’. नुसतं ‘क्वाइट’ म्हणजे ‘खरंय’, आणि बहुतेक वेळा विषय संपला.

हाच का तो नेमकेपणा?

आपलं ‘बरं’ काय वेगळं करतं? ‘बरा आहे’ मध्यम, ‘बरं झालं’ उत्तम, ‘बरं नाही’ म्हणजे ताप, ‘बरं का’ म्हणजे ऐक. ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे थोडे नव्हेत, ‘बरेच’! मध्यमातून पुष्कळाकडे जायची वाटसुद्धा दोन्हीकडे सारखी.

फरक आहे, पण तो भाषांमध्ये नाही. ‘क्वाइट’चे नियम मला असे ओळीने सांगता येतात, कारण ते बाहेरून शिकलेत. ‘बरं’चे सांगायला बसलो तर अडखळतो. इंग्रजी माध्यमातून आलेलेही इथे ‘क्वाइट’ मोजूनमापूनच टाकतात. शंका आली की ‘व्हेरी’ किंवा ‘फेअरली’ लिहून मोकळे होतात. इथे जन्मलेल्या आमच्या मुलांना मोजावं लागत नाही. ती मराठीत ‘बरं’ म्हणतात तेव्हा मात्र त्यांना फक्त ‘ओके’ म्हणायचं असतं.