एका एएनए रिपोर्टवर स्क्लेरोडर्मा ठरत नाही

कोल्हापुरात व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप फिरतोय: "थंडीत बोटं पांढरी-निळी पडतात? एएनए करा. पॉझिटिव्ह आली तर स्क्लेरोडर्मा, निगेटिव्ह आली तर निर्धास्त राहा. दर तीन महिन्यांनी आकडा तपासा." एएनए म्हणजे आपल्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटीबॉडी शोधणारी रक्तचाचणी; स्क्लेरोडर्मा म्हणजे कातडी आणि आतले अवयव ताठर करणारा आजार. निरोपातलं 'निगेटिव्ह आली तर निर्धास्त' हे तर थेट धोक्याचं आहे.

"पॉझिटिव्ह म्हणजे स्क्लेरोडर्मा." निरोगी शंभर माणसांत साधारण तेराजणांची एएनए १:८० ला (रक्तद्रव ऐंशीपट पातळ करूनही) पॉझिटिव्ह येते, पाचजणांची १:१६० लाही. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत स्क्लेरोडर्मा धरायला नऊ गुण भरावे लागतात. सेंट्रोमिअर, एससीएल-७० आणि आरएनए पॉलिमरेज ३ या खास अँटीबॉडींना मिळून जास्तीत जास्त तीन. नुसत्या एएनएला एकही नाही. उलट दोन्ही हातांच्या बोटांची कातडी जाड होऊन तो ताठरपणा बोटांच्या मुळाच्या सांध्यांमागे सरकला असेल, तर तेवढ्यालाच नऊ. एससीएल-७० अगदी हलकी पॉझिटिव्ह आणि लक्षणं काहीच नाहीत, असं असेल तर दुसऱ्या पद्धतीनं पडताळून घ्या.

"निगेटिव्ह म्हणजे निर्धास्त." आधी रिपोर्टवर पद्धत वाचा. एलायझा या पद्धतीत ठरावीक अँटिजेनच (अँटीबॉडी ज्यांना चिकटतात ते घटक) असतात, त्यामुळे न्यूक्लिओलर (केंद्रकातल्या केंद्रिकेविरुद्धच्या) अँटीबॉडी निसटू शकतात. एचईपी-२ या प्रयोगशाळेतल्या पेशींवरची आयएफए, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली चमक पाहायची चाचणी, मागा. तिथं टायटरसोबत (१:८० सारखा आकडा) पॅटर्नही (चमक पेशीत कुठे, कशी दिसते ते) कळतो. आरएनए पॉलिमरेज ३ तर बऱ्याच 'एएनए प्रोफाइल' पट्ट्यांवर (एकदम अनेक अँटीबॉडी तपासणाऱ्या) नसतेच, वेगळी लिहून घ्यावी लागते. ती निसटली तर महागात पडतं. ही अँटीबॉडी असलेल्यांना किडनीचा धोका जास्त, बीपी एकाएकी चढतं, आणि प्रेडनिसोलोन रोज १५ मिलिग्रॅमच्या वर गेलं की धोका आणखी वाढतो. म्हणून बोटं सुजली, सांधे धरले, की मेडिकलमधून स्टिरॉइड आणून खाऊ नका. घरी बीपी मोजत राहा.

शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत मोल्डिंगला (वाळूचे साचे करायला) किंवा फेटलिंगला (ओतीव घासून साफ करायला) असाल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. वाळूतल्या सिलिकाच्या धुळीचा या आजाराशी संबंध आहे, आणि हा प्रश्न विचारायचा बरेचदा राहून जातो.

"दर तीन महिन्यांनी आकडा." एएनएचा टायटर आजारासोबत चढत-उतरत नाही. निदान पक्कं झालं असेल तर तोच पैसा फुप्फुसांच्या पीएफटीला (फुंकून करायची क्षमतेची चाचणी) आणि वर्षातून एकदा टूडी इकोला (हृदयाची सोनोग्राफी) लावा; एससीएल-७० पॉझिटिव्ह असेल तर सुरुवातीलाच छातीचा एचआरसीटी (बारकावे दाखवणारा सीटी स्कॅन).