रोज मैल मारावा की मारू नये : सुभेदारसाहेबांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सुभेदारसाहेब, सादर नमस्कार.

सैन्यभरतीच्या फिजिकलआधीच्या (शारीरिक चाचणीआधीच्या) तीन महिन्यांत रोज मैल न मारता बहुतेक दिवस सावकाश धावावे, असा मी जो लेख लिहिला, त्यावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली आणि उत्तराला चार दिवस लावले, कारण तिच्यातला एक मुद्दा मैदानावर मोजून पाहिल्याशिवाय काही लिहिणे मला योग्य वाटले नाही. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा आशय सांगतो. आपण तोफखान्यात 24 वर्षे काढलीत, नाशिक रोडच्या केंद्रात घडलात आणि आता ग्वाल्हेरच्या मुरार भागात स्थायिक आहात. माझा लेख पोरांना नाजूक करणारा आहे, असे आपले म्हणणे आहे. सावकाश धावून कोणी फौजेत गेल्याचे आपण पाहिलेले नाही. आपल्या वेळी रोज पहाटे घड्याळ लावून मैल (भरतीची 1.6 किलोमीटरची धाव) मारायचा आणि पाय दुखला तर एक वेदनाशामक गोळी घेऊन पुन्हा उभे राहायचे, असा रिवाज होता. उन्हाला भिणाऱ्याने भरतीच्या वाटेला जाऊच नये. आणि ट्रॅकवर बसून 82 सेकंदांचे हिशेब मांडणाऱ्याने एकदा रॅलीच्या (भरती मेळाव्याच्या) मैदानावर उभे राहून पाहावे.

या शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे आपले बरोबर आहे आणि माझे चुकले आहे.

1.6 किलोमीटरसाठी साडेपाच मिनिटे, म्हणजे 400 मीटरची एक फेरी साडेब्याऐंशी सेकंदांत, असा हिशेब मी लेखात मांडला होता. कागदावर तो खरा आहे. परंतु रॅलीत एका वेळी मोठा जथा सोडला जातो, आतल्या रेषेला चिकटून धावणे मोजक्यांच्याच नशिबी येते आणि बाकीच्यांना बाहेरून वळावे लागते. गेल्या रविवारी आम्ही चुन्याने आखलेल्या मैदानावर आमच्या गटातील 22 मुले एकदम सोडली आणि मी वळणावर उभा राहून पाहिले. मधल्या घोळक्यातील मुले रेषेपासून सरासरी दोन मीटर तरी बाहेरून धावत होती. रेषेपासून जितके मीटर बाहेर, त्याच्या सव्वासहापट अंतर प्रत्येक फेरीत वाढते, कारण वर्तुळाचा परीघ त्रिज्येच्या त्या पटीत वाढतो. दोन मीटर बाहेरून धावणारा मुलगा चार फेऱ्यांत सुमारे 50 मीटर जास्त धावतो, आणि त्या वेगात 50 मीटर म्हणजे दहा सेकंदांहून अधिक वेळ. म्हणजे मोकळ्या ट्रॅकवर साडेपाच मिनिटांत येणारा मुलगा रॅलीत त्याच ताकदीने धावूनही वेळेनुसार पाडलेल्या गटांपैकी पहिल्यातून (साडेपाच मिनिटांपर्यंत) सरळ दुसऱ्यात घसरतो, आणि 60 गुणांऐवजी त्याच्या हाती 48 पडतात. सुरुवातीची रेटारेटी आणि समोरच्याच्या टाचांची उडणारी धूळ वेगळीच. मी इतकी वर्षे मुलांना धावायला लावतो आहे आणि हा साधा हिशेब मला आपल्या टोमण्यानंतर सुचला, याची मला लाज वाटते.

आता रोज मैल मारण्याविषयी. इथे मात्र मी आपल्याशी सहमत होऊ शकत नाही आणि त्याचे कारण जरा विस्ताराने सांगावे लागेल.

आमच्या गटात पिंटो पार्ककडून सायकलने येणारा एक मुलगा आहे. घर मराठी, लष्करातल्या जुन्या वाड्यातून तिकडे राहायला गेलेले. (बाहेरच्या वाचकांसाठी : लष्कर हा ग्वाल्हेरचा एक भाग आहे, दौलतराव शिंद्यांची छावणी जिथे पडली, तिथेच पुढे शहर वसले. त्यामुळे 'मी लष्करात राहतो' या आमच्या वाक्याने पुण्याच्या पाहुण्यांचा हमखास गैरसमज होतो.) हा मुलगा आमच्याकडे येण्यापूर्वी आपण सांगता तेच करीत होता. रोज पहाटे, आठवड्याचे सातही दिवस, घड्याळ लावून 1.6 किलोमीटर. त्याने एक वही ठेवली होती आणि ती मला दाखवताना त्याला थोडा अभिमानही वाटत होता. पहिल्या आठवड्यात वेळ 5:58 वरून 5:44 वर आली होती, आणि त्यानंतर दीड महिना त्या वहीत 5:41, 5:46, 5:43, 5:52, 5:44 असेच आकडे होते. एका पानावर त्याने फेरीनिहाय वेळ लिहिली होती : 68, 84, 95, 91. बेरीज 5:38. ती त्याची त्या काळातील सर्वोत्तम वेळ होती. तिसऱ्या फेरीच्या त्या 95 सेकंदांकडे आपण पाहिलेत, तर काय घडत होते हे आपल्यासारख्या अनुभवी माणसाला मी सांगण्याची गरज नाही. पहिली फेरी जिवाच्या आकांताने, दुसरीत घसा कोरडा, तिसरीत पाय दगडाचे.

साडेपाच मिनिटांची धाव वेगाची वाटते, परंतु तिला लागणारी सुमारे चार पंचमांश ऊर्जा श्वासावाटे घेतलेल्या प्राणवायूच्या जोरावर तयार होते. ती क्षमता, म्हणजे स्नायूंत रक्त पोचवणाऱ्या केशवाहिन्यांचे जाळे, हृदयाच्या एका ठोक्यात बाहेर पडणारे रक्त आणि पेशींतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा, हे सगळे मुख्यतः दीर्घ आणि सावकाश धावण्याने वाढते. रोजच्या रोज परीक्षा दिली तर परीक्षेचा सराव होतो, अभ्यास होत नाही. म्हणून त्या मुलाची वही आम्ही बंद केली. आठवड्यातले चार दिवस शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्या सावकाश धावायचे आणि त्यातल्या एका दिवशी आठ ते दहा किलोमीटर जायचे. एक दिवस 400 मीटरच्या सहा फेऱ्या प्रत्येकी 80 ते 82 सेकंदांत, मध्ये दोन मिनिटे चालणे. एक दिवस किल्ल्याच्या उरवाई दरवाज्याचा चढ, जिथे कड्यात कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्तींसमोरून छोट्या छोट्या चढाया वर धावत जायचे आणि उतरताना चालायचे. आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. घड्याळ लावून मैल फक्त पंधरा दिवसांतून एकदा. अकराव्या आठवड्यात त्याच्या फेऱ्या होत्या 80, 83, 84, 80. बेरीज 5:27. आपल्या हिशेबाने पाहिले तर अजून दहा-बारा सेकंद कमी करायला हवेत आणि ते त्याला मी कालच सांगितले आहे.

आपण विचाराल की मग आमच्या वेळी रोज मैल मारूनही माणसे कशी तयार झाली. याचे उत्तर आपल्याच प्रतिक्रियेत आहे. आपण ज्या कडक दिनक्रमाचे वर्णन केले आहे, तो केंद्रातला, म्हणजे भरती झाल्यानंतरचा आहे. तिथे दोन वेळचे भरपेट जेवण होते, झोपेची वेळ ठरलेली होती, पाय सुजला तर एमआय रूम (पलटणीचा दवाखाना) होती आणि डोळ्यांत तेल घालून पाहणारा उस्ताद (प्रशिक्षक) होता. पाठीवर भार आणि हातात शस्त्र घेऊन पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीपर्यंत आपल्याला टप्प्याटप्प्याने नेण्यात आले. माझ्यासमोरची मुले भरतीच्या आधीची आहेत. कोणी रात्रपाळी करून येतो, कोणी भिंडहून आलेला आणि खोली भाड्याने घेऊन वरण-भातावर दिवस काढणारा आहे. शिवाय 2023 पासून अग्निवीर भरतीत ऑनलाइन लेखी परीक्षा आधी होते आणि मैदान नंतर. त्यामुळे बरीच मुले लेखीचा निकाल लागेपर्यंत खुर्चीवर बसून असतात आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता डांबरी रस्त्यावर मैल मारू लागतात.

हाडाची अडचण इथे येते. नवा भार पडला की हाड आधी जुना भाग विरघळवते आणि मग नवा घडवते. या दोहोंमध्ये काही आठवड्यांचा काळ असा जातो की हाड पूर्वीपेक्षाही कमजोर असते. दम वाढतो तिसऱ्या आठवड्यात आणि मुलगा उत्साहाने अंतर वाढवतो, नेमके तेव्हाच हाड सर्वांत हळवे असते. आपल्याला कदाचित गंमत वाटेल, पण या दुखण्याची पहिली नोंद फौजेतलीच आहे. 1855 साली प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट नावाच्या वैद्याने लांब कूच करणाऱ्या शिपायांचे पाय सुजतात हे लिहून ठेवले. त्या वेळी क्ष-किरण नव्हते. पुढे ते आल्यावर कळले की ती पावलाच्या हाडांना गेलेली बारीक तड होती. ते शिपाई नाजूक असतील असे मला वाटत नाही.

गोळीविषयी मी थोडे वैयक्तिक लिहितो. 1991 साली मी स्वतः भरतीची तयारी करीत होतो. कापडी बूट घालून रेसकोर्स रोडवर रोज मैल मारायचो. चौथ्या आठवड्यात उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखू लागले. जो गृहस्थ आम्हाला शिकवीत असे, त्याने दुखणे सोसणे हीच पहिली परीक्षा आहे असे सांगितले आणि गोळीची पट्टी हातावर ठेवली. गोळीने दुखणे खरोखर थांबले, आणि मी आणखी बारा दिवस धावलो. तेराव्या दिवशी जिना उतरता येईना. रॅली माझ्याविना पार पडली आणि पुढच्या वर्षी माझे वय उलटून गेले होते. त्या गृहस्थाला मी दोष देत नाही, त्यालाही कोणीतरी तसेच शिकवले असेल. परंतु तेव्हापासून मी प्रत्येक मुलाला अंगठ्याने नडगी दाबून पाहायला शिकवतो. दुखणे हाडाच्या कडेने वीतभर पसरलेले असेल, तर बहुधा धावणे कमी करून भागते. नाण्याएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, एका पायावर उडी मारल्यावर ती कळ वाढत असेल, तर धावणे त्या क्षणी थांबवून अस्थिरोगतज्ज्ञाकडे जायचे, आणि पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी निर्धास्त व्हायचे नाही, कारण अशी तड सुरुवातीला एक्स-रेत बहुतेकदा दिसत नाही. रॅलीच्या सकाळी वेदनाशामक इंजेक्शन टोचून घेण्याचा जो प्रकार काही मुले करतात तो याहून वाईट, कारण तेव्हा शरीरात पाणी कमी असते आणि त्या औषधाचा मार थेट मूत्रपिंडांवर बसतो.

उन्हाबाबत आपले अर्धे म्हणणे मला मान्य आहे. मी 'सूर्य वर आल्यावर धावू नका' एवढेच लिहून मोकळा झालो, ते अपुरे होते. शरीर उन्हाला सरावते आणि त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते आणि नाडी खाली येते. ज्यांची रॅली उन्हाळ्यात आहे त्यांनी शेवटच्या तीन आठवड्यांत सावकाश धावण्याचे दिवस हळूहळू सातच्या उन्हात न्यावेत, हे मी लिहायला हवे होते. पण मे महिन्यात, लू (उष्ण वारे) चालू असताना, दुपारी मैल मारण्याला मी धैर्य म्हणणार नाही. धावता धावता मुलगा असंबद्ध बोलू लागला किंवा वेडावाकडा चालू लागला, तर आधी त्याला सावलीत घेऊन अंगावर भरपूर थंड पाणी ओतायचे आणि दवाखान्याची धावपळ त्यासोबतच करायची, हे मात्र प्रत्येक गटाला ठाऊक असले पाहिजे.

एका गोष्टीचा उल्लेख आपण केला नाहीत आणि मीही लेखात तो दोन ओळींत उरकला होता, म्हणजे बीम, आडव्या दांडीला लोंबकळून अंग वर ओढणे. दहा वेळा हनुवटी वर नेणाऱ्याला 40 गुण मिळतात, सहा वेळा नेणाऱ्याला 16. हा 24 गुणांचा फरक धावण्याच्या पहिल्या दोन गटांतील फरकाच्या दुप्पट आहे, तरीही मुले सगळा वेळ धावण्यात घालवतात. ज्याला एकही बीम निघत नाही त्याने स्टुलावरून वर चढून पाच मोजेपर्यंत सावकाश खाली यावे. ज्याला पाच निघतात त्याने दमेपर्यंत न ओढता दिवसातून चार-पाचदा तीन-तीन काढावेत. नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅगवरचा (नागमोडी अरुंद पट्टीवरचा) तोल यांना गुण नाहीत, ते फक्त पार करायचे असतात. त्यांच्यासाठी आठवड्यातून दोन दिवस पंधरा मिनिटे पुरतात.

मूळ लेखात आज बदल केले आहेत. मोकळ्या ट्रॅकवरचे उद्दिष्ट साडेपाच मिनिटांऐवजी 5:15 केले असून बाहेरून वळण्याचा हिशेब आपला उल्लेख करून जोडला आहे. पंधरा दिवसांतून एकदाचा मैल यापुढे सगळ्या मुलांना एकत्र सोडूनच घ्यावा, अशी सूचना घातली आहे. उन्हाचा परिच्छेद नव्याने लिहिला आहे, बीमचा वाढवला आहे. दुखणे गोळीने दाबून धावू नये, हे वाक्य होते तसेच ठेवले आहे, फक्त ठळक अक्षरांत.