शाल नको, खजिनदारपद द्या

एखाद्या संघटनेत बायकांना खरोखर स्थान आहे का, हे ओळखायची माझी एक साधी खूण आहे. मार्चमध्ये सत्कार किती झाले ते सोडा, चेकवर सही कोणाची चालते ते विचारा.

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. आमची बार असोसिएशन, म्हणजे वकिलांची संघटना (आम्ही नुसतं 'बार' म्हणतो) घ्या, गावातली डॉक्टरांची संघटना घ्या, नाहीतर व्यापारी संघ घ्या, सगळीकडे एक 'महिला विंग' असतेच. विंगकडे हळदीकुंकू, संक्रांतीचं वाण, आरोग्य शिबिर आणि रांगोळी. मुख्य कार्यकारिणीकडे जागा, पैसा आणि साहेबांना भेटायला जाणारं शिष्टमंडळ. आमच्या बारमध्ये 'महिला प्रतिनिधी' असं एक पद आहे. ते दरवेळी बिनविरोध भरलं जातं, कारण त्या पदाला कामच नाही. न्यायाधीशांची बदली झाली की निरोप समारंभात गुच्छ द्यायला तिला पुढे बोलावतात. सूत्रसंचालनही तिच्याच गळ्यात, 'मॅडमचं मराठी छान आहे' म्हणून.

२ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपल्याच दारातल्या सुप्रीम कोर्ट बार असोसिएशनला आदेश दिला की कार्यकारिणीतल्या किमान एक तृतीयांश जागा महिलांना ठेवा. शिवाय पदाधिकाऱ्यांमधलं एक पद आळीपाळीने महिलेसाठी राखीव, आणि सुरुवात खजिनदारपदापासून. पुढे दिल्लीतल्या बार संघटनांना आणि जानेवारी २०२५ मध्ये बंगळूरच्या वकील संघटनेला आदेश झाले, तिथेही पुन्हा खजिनदारपद. मला या आदेशांमधलं हेच सगळ्यात आवडलं. न्यायालयाने नेमकी तिजोरीच धरली.

बारमध्ये या विषयावर चर्चा झाली तेव्हा एक सीनियर म्हणाले, "मॅडम, पण मग मेरिटचं काय?" मी विचारलं, सर, आपल्या बारचा जमाखर्च शेवटचा कधी वाचून दाखवलाय? त्यांनी चहा मागवला.

आता तालुक्याच्या बारची तिजोरी म्हणजे काही कोटींचा कारभार नाही. सभासदांची वर्गणी, झेरॉक्सवाल्याचं आणि कँटीनचं भाडं, कुठल्या तरी निधीतून मिळालेली चार कपाटं. पण लेडीज रूमचा नळ आधी दुरुस्त करायचा की बार रूमला एसी बसवायचा, हे याच पैशातून ठरतं. आमच्याकडे एसी आधी आला. लेडीज रूम म्हणजे जुन्या रेकॉर्डच्या खोलीत प्लायवूडचं पार्टिशन टाकून काढलेली जागा. दाराची कडी आतून नीट बसत नाही, म्हणून एक आत गेली की दुसरी बाहेर उभी राहते. आमच्यातली एक बाळंतपणानंतर कामावर आली तेव्हा तिथेच गठ्ठ्यांवर बसून बाळाला पाजायची, आणि आपल्या मॅटरचा पुकारा झाला तर हाक मारा म्हणून शिपायाला विनवून ठेवायची. ही गोष्ट बारच्या एकाही मीटिंगच्या अजेंड्यावर आली नाही. आणणार कोण? गुच्छवाली?

आणि टेबलं! कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली वकिलांची टेबलं असतात, ती ज्यांनी पाहिली आहेत त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. टेबल म्हणजे दुकान. पक्षकार नावापेक्षा टेबल लक्षात ठेवतो, "ते लिंबाखालचे वकील". ही टेबलं वडिलांकडून मुलाकडे जातात, सीनियरकडून त्याच्या भाच्याकडे जातात. नियमाने ती बारची, वहिवाटीने घराण्याची. (आम्ही वकील आयुष्यभर वहिवाटीचे दावे लढतो, तेव्हा यात नवल नाही.) मग वस्तीतून आलेली, घरातली पहिलीच ग्रॅज्युएट असलेली बौद्ध मुलगी सनद घेऊन येते, तिने कुठे बसायचं? मोहल्ल्यातून आलेली मुस्लिम ज्युनियर, तिला तर सीनियर मिळवतानाच "तुमच्या समाजाच्या केसेस येतील ना?" असा प्रश्न ऐकावा लागतो. दोघीही माझ्या ओळखीच्या. दोघींनी पहिलं वर्ष कँटीनच्या बाकावर काढलं. वकिलीचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरना शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं, असं परिपत्रक काढलं. बंधनकारक नाही, शिफारसच. आमच्याकडे ते वाचून हशा पिकला. पण टेबलांची यादी करून नोटीस बोर्डावर लावायला, आणि रिकामं होणारं टेबल नंबराप्रमाणे द्यायला एक रुपयाही लागत नाही. ते काम बारचंच आहे, दिल्लीहून कोणी येणार नाही.

कायदा काही ठिकाणी हात टेकतो, म्हणूनही स्थानिक संघटना लागते. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आहे. पण वकील आणि बार कौन्सिल यांच्यात मालक-नोकर असं नातं नाही, तेव्हा महिला वकिलांच्या वकिलांविरुद्धच्या तक्रारींसाठी बार कौन्सिलने त्या कायद्याखाली समिती नेमायचं बंधन नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटलं. ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली गैरवर्तनाची तक्रार करा, हा मार्ग उरतो. ती तक्रार जाते राज्याच्या बार कौन्सिलकडे. तालुक्यातली तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी आपल्याच सीनियरविरुद्ध तिथवर जाईल असं ज्याला वाटतं, त्याने तालुक्याचं कोर्ट पाहिलेलं नाही. तिला आधी इथे, याच आवारात, दोन माणसं हवीत, ज्यांच्याकडे बोललं तर संध्याकाळपर्यंत कँटीनभर होणार नाही.

संघटना कशी चालवावी हे शिकायचं तर मला बार सोडून दुसरीकडेच बघावंसं वाटतं. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. बाबा आढाव सोबत होते, एसएनडीटीत काम करणाऱ्या कार्यकर्त्या होत्या, आणि सभासद बहुतांश दलित बायका. या पंचायतीने सुरुवातीलाच काय मिळवलं? ओळखपत्र. महापालिकेने मान्य केलेलं. ज्या बाईला चोर समजून हटकलं जायचं, तिच्याकडे दाखवायला कार्ड आलं. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था निघाली, आणि घरोघरचा कचरा नेण्याचं काम महापालिकेशी करार करून त्यांच्याकडे आलं. सन्मान वगैरे शब्द नंतर. आधी कार्ड, मग करार.

आणि आमच्या सातारा जिल्ह्यातलंच, माण तालुक्यातलं म्हसवड. बायकांच्या माणदेशी बँकेची गोष्ट इथल्या बहुतेकांना माहीत असेल, तरी लिहिते. चेतना सिन्हा आणि गावातल्या बायका बँकेचा परवाना मागायला गेल्या, तर रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण प्रवर्तकांमध्ये निरक्षर बायका होत्या. त्या परत आल्या, लिहा-वाचायला शिकल्या, काही महिन्यांनी पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, कुठलीही मुद्दल सांगा, आम्ही कॅल्क्युलेटरशिवाय व्याज काढतो, तुमच्या अधिकाऱ्यांनाही काढायला सांगा. १९९७ मध्ये बँक सुरू झाली. माणच्या बायका बँक चालवू शकतात आणि काळा कोट घातलेली बाई बारचं पासबुक सांभाळू शकणार नाही, हा युक्तिवाद कुठल्या कोर्टात टिकेल?

"हळूहळू होईल" हे वाक्य मी आता ऐकून घेत नाही. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा पास झाल्या. बायकांना वकिली करता यावी म्हणून देशभरासाठी कायदा आला १९२३ साली. हळूहळू म्हणजे किती, याचा हिशोब आमच्या धंद्याने एकदा देऊन झालाय.

स्वतंत्र महिला संघटना काढा, असं काही मैत्रिणी सुचवतात. काढावी, माझा विरोध नाही. पण शेड, टेबलं, नळ, पासबुक हे सगळं मोठ्या बारकडे राहतं, आणि आमच्याकडे पुन्हा रांगोळी येते. म्हणून मला आत शिरायचंय.

अडचण मतांची नाही, प्रचाराची आहे. बारच्या निवडणुकीचा खरा प्रचार रात्री नऊनंतर हायवेच्या ढाब्यावर होतो. मटण, बाकी काय काय, आणि तिथेच पॅनल ठरतं. आमच्यातली कोण तिथे जाणार, आणि गेली तर दुसऱ्या दिवशी तिच्याबद्दल काय बोललं जाईल, हे सांगायला नको. दलित आणि मुस्लिम मुलींच्या बाबतीत तर त्याहून दुप्पट.

तर या वर्षी मी खजिनदारपदाचा फॉर्म भरतेय. जाहीरनामा चार ओळींचा आहे: जमाखर्च दर तीन महिन्यांनी नोटीस बोर्डावर, टेबलांची यादी आणि प्रतीक्षा यादी, लेडीज रूमला कडी आणि नळ, तक्रारींसाठी तिघांची समिती आणि त्यात एक सदस्य बारबाहेरचा. प्रचार दुपारच्या सुट्टीत, बार रूममध्ये, एसी लावून. चहा माझ्याकडून. ज्यांना मेरिटबद्दल विचारायचंय त्यांनी गेल्या तीन वर्षांची व्हाउचर घेऊन यावं, एकत्र बसून तपासू.