एका मताचे दोन मालक

परवा सोलापुरात पार्क चौकात चहा पिताना दोन म्हातारी माणसं मला पडलेल्या एका मतावरून अक्षरशः एकमेकांच्या अंगावर गेली आणि मी, म्हणजे खुद्द उमेदवार, मधे कटिंग धरून उभा. बाबा तुझं काय म्हणणं आहे हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

मी ऑर्केस्ट्रात निवेदन करतो, नकला करतो. गणपती, बारशी, कुणाची रिटायरमेंट, काहीही. आणि निवडणूक लागली की अपक्ष उभा राहतो. महापालिका म्हणू नका, विधानसभा म्हणू नका. निकाल विचारू नका, निवडून आलो असतो तर चहाला चालत आलो असतो का.

तर झालं असं की विधानसभेला कुठल्या बूथवर कुणाला किती मतं पडली हे फॉर्म २० मध्ये येतं आणि ते नेटवर कुणालाही बघता येतं. ही सोय ज्यानं काढली त्याला रिकामटेकडी माणसं माहीत नसणार. आमच्या गल्लीतल्या काकांनी मोबाईल डोळ्याला लावून स्वतःचा बूथ शोधला, माझ्या नावाखाली आकडा निघाला १.

"हे एक म्हणजे मी बे," काका म्हणाले. "आता नातवाचं बारसं हाय. कार्यक्रम फुकट करायचा."

शेजारच्या बाकड्यावर साखर पेठेतले एक अण्णा बसलेले, चादरीच्या कारखान्यातनं रिटायर. ते बशीतला चहा तसाच ठेवून म्हणाले, "ओ, थांबा. ते मत माझं हाय."

"तुमचं कसं? तुम्ही त्या पार्टीचे झेंडे बांधत होता की."

"झेंडे बांधायचे पैसे मिळतेत. मत मनातलं असतंय."

"पुरावा काय?"

"व्हीव्हीपॅटच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी बघितलोय मी. कपबशी होती."

"कपबशी तर गावाला माहिताय, ह्यानं सगळ्या खांबाला लावलती. कान कुठल्या बाजूला होता सांगा."

"उजव्या."

"डाव्या!"

आणि मग दोघं माझ्याकडं वळून, "तुझंच चिन्ह ना, सांग की!" मी तोंड उघडेपर्यंत टपरीवाला म्हणाला, "बशीचा कान का कपाचा?" झालं, त्यावर आणखी दहा मिनिटं. शेवटी अण्णांनी हुकमाचं पान काढलं. "मला कलेची कदर हाय. आमचे तेलुगू सिनेमातले हिरो एनटीआर बघा. मार्च १९८२ ला पार्टी काढले, जानेवारी १९८३ ला आंध्रचे मुख्यमंत्री. नऊ महिने! एवढ्यात बाई बाळंत होती. आणि तू कधीपास्नं करायलास?"

म्हणजे भांडण त्यांचं आणि अपमान माझा.

मिटलं कसं, तर अर्धं मत काकांचं, अर्धं अण्णांचं. बारशाला एक तास, अण्णांच्या पंचाहत्तरीला एक तास, दोन्ही फुकट. दोघांनी हात मिळवले आणि चहाचे पैसे मी दिले. मतदान गुप्त असतं म्हणून, नाहीतर दोघांकडनं लिहूनच घेतलं असतं. एका मतावर दोन कार्यक्रम, या हिशोबानं खरंच हजारो मतं पडली असती तर मी मेल्यावरही नकला करत राहिलो असतो.

मेल्यावरनं आठवलं, इंग्लंडात डेव्हिड सच म्हणून एक रॉक गाणारा होता. नावापुढं लॉर्ड स्वतःच लावून घेतलेलं. स्टेजवर शवपेटीतनं उठून यायचा. (इथं मी तिरडीवरनं उठलो तर मंडळाचा अध्यक्ष म्हणेल, मानधन तेराव्यानंतर घेऊन जा.) १९६३ ला पहिली पोटनिवडणूक लढला, मतं २०८. १९८३ ला वेड्यांचा म्हणून पक्षच काढला, मॉन्स्टर रेव्हिंग लूनी पार्टी, आणि चाळीसच्या आसपास निवडणुका लढून एकही जिंकला नाही. पण १९९० मध्ये बूटलच्या पोटनिवडणुकीत याला ४१८ आणि सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या सुटाबुटातल्या माणसाला १५५. थोड्याच दिवसांत त्या पक्षानं दुकान बंद केलं! आणि हाच माणूस सुरुवातीला १८ व्या वर्षी मतदान द्या म्हणून ओरडत होता तेव्हा लोक हसले होते, १९६९ ला तिकडं तसा कायदा झाला. आपल्याकडं त्याला १९८९ उजाडलं.

माझ्यावर पण हसतात. पाण्यावर बोललो तरी हसतात. मागं प्रचारात एका चौकात म्हटलं, उजनी धरण एवढं जवळ आणि आपल्या नळाला पाणी चार दिवसाआड, तर टाळ्या, शिट्ट्या. अहो तो विनोद नव्हता. एक मावशी म्हणाल्या, "ते राहू दे, निळू फुले करा की." केलं. मग दादा कोंडके केलं. मग म्हटलं आता माझं ऐका, तर तोवर गर्दी पांगलेली. माझा स्वतःचा आवाज कसा आहे हे या गावात बायकोशिवाय कुणाला माहीत नसावं, आणि तीही म्हणते नीट बोला.

अनामत गणपतीच्या कमाईतनं भरतो. विधानसभेला दहा हजार, आणि वैध मतांच्या सहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त मतं पडली नाहीत की सरकारजमा. वर अपक्षाला दहा सूचक लागतात. त्या दहा जणांचा नाश्ता, तो खर्चही वहीत लिहा आणि निकालानंतर तीस दिवसांत हिशोब द्या.

तरी उभा का राहतो? मोठ्या सभांना आम्हाला आधी चढवतात. साहेबांची गाडी मोहोळला आहे, वीस मिनिटं पब्लिक धर. वीस मिनिटांचे दोन तास होतात. उन्हात, घसा फुटेस्तोवर. माणसं जागची हलत नाहीत, माझ्यासाठी. आणि सायरन वाजला की मागनं कुणीतरी माझ्या हातातला माईक काढून घेतो, वाक्य अर्धं असलं तरी. खाली उतरताना पायरीवर साहेबांचे लोक ढकलतात ते वेगळंच. मग मी म्हणतो, जी माणसं माझ्यासाठी दोन तास बसली ती मतदानाच्या दिवशी कुठं जातात?

कालच एका पक्षाच्या ऑफिसमधनं फोन आला.

"सभा हाय. साहेब येईपर्यंत पाऊण तास. आमच्या साहेबांची नक्कल करायची नाय, विरोधकांची चालंल. आणि तुम्ही ह्या वेळी उभं नाही ना? नाहीतर खर्च कुणाच्या खात्यात धरायचा, लफडं होतंय."

मी पाच हजार सांगितले. साडेतीनवर तुटलं. ॲडव्हान्स मागितला तर म्हणाले साहेब आल्यावर देतो.