घोड्यामागून वरात

सारंगखेड्याच्या यात्रेतून पंचकल्याण घोडा आणलात ना भाऊ? झकास. आता लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरायचं म्हणता, तर घोड्याची तयारी नंतर बघू. आधी भाचे गोळा करा. तीन भाचे, दोन मोटारसायकली आणि एक जीप. एवढं जमलं की निम्मी शर्यत खिशात.

आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या नियमांत लिहिलंय की वाटेत घोड्याच्या पुढे, मागे किंवा बाजूने आपली गाडी, सायकल, पायी माणूस काहीच चालवायचं नाही. मदतनीसांनी ठरवून दिलेल्या जागीच पाणी घेऊन थांबायचं. हे लिहिणाऱ्याला बहुधा भाचे नसावेत. तुम्ही जीप खुशाल मागे लावा. दमलेला घोडा दुडकीवरून चालीवर आला रे आला, की हॉर्न. चाबूक उगारलाय का आपण? नाही. हॉर्न तर रस्त्यावर वाजवायचाच असतो.

पाण्याच्या बाटल्या धावत्या मोटारसायकलवरून द्यायच्या. बाटलीचं बूच भाच्याने दातांनी काढायचं, निम्मं पाणी तुमच्या शर्टावर, उरलेलं घोड्याच्या मानेवर, आणि रिकामी बाटली शेजारच्या केळीच्या बागेत. घोड्याला प्यायला? ते मुक्कामाला पोहोचल्यावर बघू.

कॅलिफोर्नियात १९५५ पासून टेव्हिस कप नावाची घोड्यांची शर्यत होते. चोवीस तासांत शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर, तेही डोंगरातून. एवढं चालून घोडा पोहोचला की तिथले पशुवैद्य तपासतात, हा अजून पुढे चालायला धड आहे का! शंभर मैलांनंतर! आपल्याकडे पोहोचला की गुलाल, ढोल, आणि रात्री भरीत-पुरी.

पण भाऊ, घोडं पेंड खातं ते वाटेतल्या तपासणीच्या फाटकावर. तिथे जीप आत घेत नाहीत. डॉक्टर हिरडी दाबून रंग किती वेळात परत येतो ते बघतात, मानेची कातडी चिमटीत धरून सोडतात, पोटातली गुडगूड ऐकतात, घोडा हाताने दुडकीवर पळवून लंगडतो का ते पाहतात. आणि डाव्या कोपरामागे नळी लावून ठोके मोजतात. दिलेल्या मुदतीत मिनिटाला ६४ वर यायला हवेत, नाहीतर घोडा बाद. हॉर्नच्या भीतीने पळालेल्या घोड्याचे ठोके हॉर्न थांबला म्हणून थांबत नाहीत, ही त्या जनावराची जरा अडचणच आहे.

तरी घाबरू नका. थोरल्या भाच्याला पुढे करा. त्याने डॉक्टरांच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचं, "साहेब, आपलाच गावना घोडा शे, जराखं कमी लिखी ल्या ना."

डॉक्टर नळी कानातून न काढता हाताने गप्प राहायची खूण करतील. तेव्हा मात्र धाकट्याला सांगा, बाहेरचा हॉर्न बंद कर.